अकरा चष्मे

चष्म्यांचे खोके फोडायला कारकुनाने छन्नी मागितली, तेव्हा आवारातली ठोकठोक एकदम थांबली.

खाणीच्या तोंडाशी सपाट केलेल्या त्या आवारात अकरा बैठका होत्या. बैठक म्हणजे चार बांबूंवर ताणलेली निळी ताडपत्री, तिच्याखाली अर्धा जमिनीत रुतवलेला एक मोठा दगड आणि त्याच्या दोन बाजूंना दोन माणसे. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. नवऱ्याने घणाने आणि मग सुतकीने, म्हणजे लहान हातोड्याने, दगड फोडून त्याचा वीतभर ठोकळा करायचा. बायकोने छन्नीने त्याच्या कडा सरळ काढायच्या. हे ठोकळे कुठल्या तरी दूरच्या शहरांत रस्त्यांवर आणि चौकांत बसवतात, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांवरून कोण चालते, हे कोणी कधी विचारले नव्हते.

ठोकळे विकत घेणाऱ्या तिकडच्या कंपनीने यंदाच्या कराराला दोन पाने जास्तीची जोडली होती. कामगाराला सावली हवी, पिण्याचे स्वच्छ पाणी हवे, डोळ्यांना चष्मा हवा. कामावर इजा झाली तर उपचाराची जबाबदारी मालकाची. मालकाने ती पाने दोनदा वाचून सही केली होती, आणि मनापासून केली होती. ताडपत्र्या आणि पाण्याची टाकी आधीच आली होती. आज चष्मे आले होते.

कारकून हजेरीपटातून एकेक नाव घेत होता. नाव घेतलेला माणूस हातांवरची भुकटी झटकत उठत होता, चष्मा घेत होता आणि लाजत परत येत होता. अकरा नावे, अकरा चष्मे. खोके रिकामे झाले.

"घाला बरं, बघू तरी," ठसकेवाली म्हणाली. हे नाव तिला बोलण्यातल्या ठसक्यावरून पडले होते की भुकटीने लागलेल्या खोकल्यावरून, हे आता सांगणे कठीण होते. तिच्या नवऱ्याने चष्मा चढवला. "अगं बाई! बेडूकच बसलाय समोर!"

"तुला नाही मिळाला म्हणून जळतेस."

"मला कशाला? माझ्या डोळ्यांची हजेरी कोण घेतंय?"

सगळे हसले. तिच्या शेजारच्या बैठकीवरचा माणूसही हसला. त्याला कडवाला म्हणत; साऱ्या आवारात त्याच्या ठोकळ्यांच्या कडा सर्वांत सरळ असत. आपला चष्मा हातात फिरवत तो बायकोला म्हणाला, "तू घालतेस का?"

"घण तुम्ही मारता. तुमचे तुकडे मोठे उडतात," ती म्हणाली. "माझी छन्नी बारीक. माझं काय उडणार?"

हे त्याला पटले. त्याने चष्मा चढवला आणि घण उचलला.

दुसऱ्याच आठवड्यात कंपनीच्या वतीने तपासणीच्या बाई आल्या. वयाने तिशीच्या आतबाहेर, पायांत साधे बूट, हातात फळीला लावलेले कागद. मालकाने देऊ केलेल्या खुर्चीवर न बसता त्या बैठकी-बैठकीवर जाऊन दगडावर टेकत होत्या. पाण्याच्या टाकीचे झाकण त्यांनी स्वतः उघडून पाहिले, ताडपत्रीखाली किती वेळ ऊन येते ते विचारले, आणि जिथे उत्तर पटले नाही तिथे पुन्हा विचारले. कडवाल्याच्या बैठकीवर त्या बराच वेळ थांबल्या. वारा तापलेला होता. त्यांच्या कागदांवर भुकटीचा थर साचत होता आणि त्या तो हाताने पुसत होत्या.

"ताई, तुम्ही इथे काम करता?" त्यांनी कडवाल्याच्या बायकोला विचारले.

"नाही हो," ती म्हणाली.

"मग ही छन्नी?"

"ह्यांची आहे. मी आपली ह्यांच्याबरोबर बसते. हातभार लावते."

"तुम्हाला कोणी बसायला सांगितलंय का? मालकांनी, मुकादमांनी?"

"छे! घरात एकटीनं बसून काय करायचं?"

ती खोटे बोलत नव्हती. त्या आवारात हजेरीपटावर ज्याचे नाव तो करी ते काम. विहिरीवरून पाणी आणणे, सरपण आणणे, सासूचे पाय चेपणे, कडा काढणे, ह्या सगळ्याला हातभार म्हणत. दहा जणींना विचारा, दहाही हेच सांगत होत्या. बाईंनी मान हलवली आणि लिहिले : कामगार अकरा, चष्मे अकरा. जे विचारायचे ते त्यांनी विचारले होते आणि जे ऐकले ते लिहिले होते. निघताना त्यांनी मालकाचे अभिनंदन केले.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारचे जेवण करून सगळे पुन्हा बैठकीवर आले. कडवाल्याच्या बायकोने एक ठोकळा मांडीशी ओढला, तीन कडा काढल्या आणि चौथीला छन्नी लावली. दगडात कुठे तरी गाठ होती. सुतकीचा ठोका बसला आणि छन्नीचे टोक किंचित सरकले. तिने "अगं आई" एवढेच म्हटले, तेही हळू. सुतकी खाली ठेवली आणि तळव्याने डावा डोळा झाकून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. कचरा गेला."

तो घण खाली ठेवून आला. तिने तोंड वर केले. डोळ्यातून पाणी वाहत होते आणि भुकटीने माखलेल्या गालावर त्याचा ओला पट्टा उमटत होता. ठसकेवालीने आपल्या तांब्यातले पाणी ओंजळीने मारले. "चोळू नकोस, अगदी चोळू नकोस," ती म्हणत राहिली. कडवाल्याच्या बायकोने थोडा वेळ डोळा मिटून ठेवला. मग उरलेली कड एका डोळ्याने पुरी केली, आणि ती वाकडी आली.

सकाळपर्यंत पापणी सुजून बंद झाली होती. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विजेरीच्या उजेडात बराच वेळ पाहिले आणि पट्टी बांधली.

"बुबुळात कण रुतलाय. खोल आहे, माझ्यानं निघणार नाही," ते म्हणाले. "शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जा. दहा दिवसांच्या आत निघाला पाहिजे. उशीर केलात तर ह्या डोळ्याचं काही खरं नाही."

"उद्याच जातो," कडवाला म्हणाला.

"नुसते जाल तर नंबर दीड महिन्यानं लागेल. कामावर लागलंय ना? मग मालकाचा दाखला घेऊन जा. कामावरच्या इजेची रांग वेगळी असते, दोन-तीन दिवसांत घेतात."

तिला घरी सोडून तो थेट आवारात गेला. कारकुनाची खोली पत्र्याची होती. आत टेबल, पाण्याचा माठ आणि भिंतीवर कराराची ती दोन पाने काचेच्या चौकटीत लावलेली. कारकून भला माणूस होता. त्याने लगेच दाखल्याचा कागद काढला, पेन झटकले, हजेरीपट उघडला आणि थांबला.

"वहिनींचं नाव नाही रे इथं."

"माहीत आहे."

"दाखला हजेरीपटावरच्यालाच मिळतो." त्याने पेनाने कान खाजवला. "असं करू. तुझं नाव लिहितो. डावा डोळा, इजा, तारीख. कागद तुझा, डोळा तिचा. तिथं कोण बघतंय?"

"भाऊ, तिथं डोळेच बघतात."

कारकुनाला हसू आले आणि हसल्याबद्दल वाईटही वाटले. त्याने पेन खाली ठेवले. "मग मालकांना सांग. म्हणावं, बायको कामाला असते. तेवढं तू तोंडानं सांगितलंस तर मी लिहीन. पण ते विचारतील, काय काम करते? तर काय सांगशील?"

कडवाला दाराकडे वळला. "बघतो," म्हणून तो बाहेर पडला.

सांगायला अवघड असे काही नव्हते. दोन शब्दांत संपले असते. पण तीन वर्षांपूर्वी ह्याच आवारात मालकाने त्याचा एक ठोकळा सगळ्यांसमोर उचलून धरला होता. "कड कशी असावी ते इथं बघा," म्हणाला होता. तेव्हापासून हे नाव पडले. त्या दिवशी ती दगडाच्या पलीकडच्या बाजूला बसून होती आणि तिने मानही वर केली नव्हती. बोलायला एक क्षण होता. तो कडवाल्याने जाऊ दिला होता, आणि नंतर तो पुन्हा कधी आला नाही. लोक कडवाला म्हणून हाक मारत आणि तो ओ देई.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच बैठकीवर बसला. ठोकळे फोडून झाल्यावर तिच्या जागेवर सरकला, छन्नी घेतली आणि कड मारू लागला. घणाला सरावलेला हात छन्नीवर जड पडत होता. कोपरे निखळत होते. संध्याकाळी कारकून लोखंडी चौकट घेऊन आला. ठोकळा चौकटीतून सर्व बाजूंनी नीट गेला तरच तो घ्यायचा, नाही तर बाजूच्या ढिगात टाकायचा. त्याने कडवाल्याचा पहिला ठोकळा चौकटीत घातला, फिरवला, काढला आणि ढिगात ठेवला. मग दुसरा. एरवी कारकून ठोकळा टाकताना काही तरी थट्टा करी. आज त्याने केली नाही, आणि ते कडवाल्याला जास्त लागले. सत्तर ठोकळ्यांतले एकवीस तेवढे पार झाले.

"काय हो कडवाले," ठसकेवालीने विचारले, "कड घरी विसरून आलात?"

"गप बस," तिचा नवरा म्हणाला.

"मी कशाला गप बसू? मी काय खोटं बोलले?" खोकल्याची उबळ आली म्हणून ती थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तिचा डोळा कसा आहे?"

"आहे तसाच."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो घरी आला तेव्हा दारातल्या पायरीवर ती बसली होती. समोर फुटका ठोकळा आणि हातात जुनी छन्नी. पट्टी बांधलेल्या डोळ्याची बाजू तिने वर उचलली होती, कोंबडी मान वाकडी करून बघते तशी. तिने ठोका मारला. एका डोळ्याने अंतराचा अदमास येत नव्हता. सुतकी छन्नीवरून घसरून अंगठ्यावर बसली. तिने अंगठा तोंडात घातला आणि लगेच दुसरा ठोका मारायला हात उचलला.

त्याने तिच्या हातातून छन्नी काढून घेतली.

"द्या इकडे. तुमचे किती पार झाले आज?"

"तीस."

"तीस!" तिने कपाळावर हात मारला. "उद्यापासून येते मी. झाकून बसेन."

तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. थोड्या वेळाने म्हणाला, "छन्नी धरतेस कशी तू?"

ती प्रथमच हसली. हसताना पट्टीखाली दुखले असावे, कारण तिने गाल दाबून धरला. "नऊ वर्षं समोर बसलात की."

"समोर बसलो. बघितलं नाही."

"सैल धरायची. दगड सांगतो तिकडं जाऊ द्यायची. तुम्ही आवळता, म्हणून कोपरा जातो." तिने त्याच्या मुठीतली बोटे एकेक करून ढिली केली. तिचा अंगठा निळा पडू लागला होता.

आत चुलीशी कडवाल्याची म्हातारी आई बसली होती. ऐकू सगळे येत होते. उजव्या डोळ्याने तिला गेली कित्येक वर्षे दिसत नव्हते. त्या डोळ्यावर दुधासारखा डाग होता आणि घरात सगळे त्याला म्हातारपण म्हणत.

"दाखल्याचं काय झालं रे?" तिने विचारले.

"नाव नाही म्हणतात हजेरीपटावर."

"आणि तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो."

"तुझे बाबाही बघतो म्हणाले होते."

तो उठून आत आला. "कशाबद्दल?"

म्हातारीने जाळ सारला. "हा माझा डोळा वयानं नाही गेला. तू रांगत होतास तेव्हाच गेला. ठिणगी आली असं वाटलं आधी. सुईएवढा तुकडा होता."

"बाबा तर सांगायचे की..."

"तेही सांगायचे, मीही सांगायचे. दोघांचं एकच होतं. कामाला नसलेल्या बाईला कामावर लागतं कसं, हे कुणाला समजावायचं?" तिने भांडे उतरवले आणि झाकण ठेवले. "त्यांच्यावर राग नव्हता माझा. अजूनही नाही. पण एका घरात असे दोन डोळे नकोत. जेवायला बसा."

सकाळी कडवाल्याने दोन ठोकळे पिशवीत घातले आणि बैठकीवर न जाता मालकाच्या कचेरीत गेला. मालक गाडीच्या वेळापत्रकावर वाकला होता. पाऊस लागायच्या आत माल बंदरात पोचवायचा होता, आणि ठोकळे कमी पडत होते.

"तुझाच विषय होता डोक्यात," मालक म्हणाला. "कारकून म्हणतो, तुझा हात बिघडलाय."

कडवाल्याने दोन्ही ठोकळे टेबलावर ठेवले. मालकाने सवयीने एकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्याच्या. दुसऱ्याला अंगठा अडखळला.

"हा तुझा," पहिल्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "आणि हा कुणी घडवला?"

"हा मी घडवला. तो तिचा."

"कुणाचा?"

"बायकोचा. कड तीच मारते. लग्न झाल्यापासून. तुम्ही सगळ्यांसमोर उचलून दाखवला होता ना, तोही तिचाच." त्याचे कान तापले होते, पण थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, हे त्याला कळत होते. "माझी कड ही अशी आहे. तिच्या डोळ्यात कण गेलाय. सहा दिवस झाले. चार राहिले. मला दाखला पाहिजे, तिच्या नावाचा."

मालक खुर्चीत मागे टेकला. 

"हे बघ, मी तिला कामाला बोलावलं नव्हतं. तू आणून बसवलंस."

"होय. मीच बसवली."

"आता मी दाखला दिला तर तपासणीच्या बाई विचारतील, अकराचे बारा कसे? आणि बारा म्हटलं की बावीसच. मी खोटं लिहून दिलं असं होईल. करार मोडला तर तुम्हा सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल. ह्याचा विचार केलास?"

"केला."

"मग?"

"मग काही नाही. त्या बाजूला तिला डोळा एकच आहे."

मालकाने तो चांगला ठोकळा पुन्हा उचलला. तो वाईट माणूस नव्हता. बावीस माणसे रोज त्याच्या डोळ्यांसमोर बसत होती, आणि त्यांतली अकरा मोजायची त्याला सवय झाली होती. त्याच्या वडिलांनाही होती. त्याने ठोकळा जपून खाली ठेवला आणि फोन ओढून घेतला. "बाई," फोन लागल्यावर तो म्हणाला, "तुमच्या कागदात एक चूक राहिलीय. म्हणजे, आमचीच. येऊन जाता का उद्या?"

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. ह्या वेळी त्यांचे बोलणे कमी होते. मालकाने सांगितलेले ऐकून त्या कडवाल्याच्या बैठकीवर आल्या. त्याची बायको पट्टी बांधून बसली होती आणि बोलावले म्हणून म्हातारीही तिच्यासोबत आली होती. बायका आपापल्या बैठकीवरून उठून भोवती उभ्या राहिल्या.

"ताई," बाईंनी विचारले, "तुम्ही इथं काम करता का?"

तिने नवऱ्याकडे पाहिले, मालकाकडे पाहिले. ओठ हलले. तोंडातून तोच शब्द बाहेर येऊ पाहत होता हे सगळ्यांना दिसले. "मी... म्हणजे ह्यांना आपला..."

"असं विचारू नका हो तिला," म्हातारी म्हणाली. "असं तुम्ही जन्मभर विचाराल आणि ही जन्मभर नाहीच म्हणेल. काल सकाळपासून काय काय केलंस ते विचारा."

"काल तर ती घरी होती, आई," कडवाला म्हणाला.

"मग डोळ्याला लागलं त्या दिवशीचं विचारा."

बाईंनी मागचे कागद काढून बाजूला ठेवले आणि कोरा कागद घेतला. "सांगा."

तिने सांगितले. उजाडायच्या आधी उठले, पाणी भरले, जेवण केले. ऊन यायच्या आत बैठकीवर आले. छन्न्या तापवून त्यांना पाणी दिले. ह्यांनी पहिला ठोकळा टाकला तो घेतला. एका ठोकळ्याला बारा कडा. आठ चांगल्या काढाव्या लागतात, चार मातीत जातात त्या नुसत्या साफ करायच्या. जेवायच्या सुट्टीपर्यंत तीस-पस्तीस ठोकळे होतात. दुपारी सुतकी जड लागते म्हणून कमी होतात. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला, हात आपोआप छन्नी धरल्यासारखे हवेत चालू लागले. बाई लिहीत होत्या. मधेच त्या थांबल्या आणि त्यांनी पेन कागदावरून उचलले.

"मी चुकीचं विचारलं होतं," त्या म्हणाल्या. तिला उद्देशून म्हणाल्या की स्वतःला, ते स्पष्ट झाले नाही.

"तुमचं काही चुकलं नाही हो," ती घाईने म्हणाली. "मीच नाही म्हणाले."

ठसकेवाली पुढे सरकली. "आता माझंही लिहा. मी तर दगड फोडतेसुद्धा, हा बेडूक चहाला जातो तेव्हा."

तिचा नवरा मात्र हसला नाही. "नाव लिहाल, पण कामाचा दर तोच राहणार. मग बैठकीचं जे काही मिळतं ते दोघांत वाटणार ना? माझं अर्धं होणार."

"सध्या कुठं एकट्याच्या पोटात जातं?" ठसकेवालीने विचारले.

मालक म्हणाला, "बाई, त्याचं म्हणणं टाकण्यासारखं नाही. चष्मे मी आणखी अकरा आणतो. दाखले देतो, हजेरीपटावर नावं घालतो, आजच. पण तुमच्या कंपनीलाही लिहा. बावीस माणसांच्या अटी घालताना ठोकळ्याला अकरा माणसांचा भाव देऊन चालणार नाही. जबाबदारी दोन्ही टोकांना धरली तरच उचलली जाईल."

"लिहिते," बाई म्हणाल्या. "ते काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. पण लिहिते, आणि इथं पुन्हा येते."

कारकुनाने हजेरीपट आणून दगडावरच उघडला. कडवाल्याच्या नावाखाली ओळ मोकळी नव्हती. सगळी नावे एकाखाली एक दाटीने लिहिलेली होती. त्याने मागचे कोरे पान काढले, पट्टीने रेघा मारल्या आणि पहिल्या रेघेवर तिचे नाव लिहिले. काम ह्या रकान्यात त्याने तिला विचारून "कडा काढणे" असे घातले. मग दाखला लिहून मालकाकडे सरकवला. मालकाने सही केली. शाई वाळेपर्यंत कडवाला तो कागद दोन्ही हातांत धरून, वाऱ्याकडे पाठ करून उभा होता.

शहरातल्या रुग्णालयात ती दोघे नवव्या दिवशी सकाळी पोचली. दाखला पाहून खिडकीतल्या माणसाने त्यांना डावीकडच्या रांगेत बसवले. लांबलचक बाक होता, हिरव्या रंगाची भिंत होती आणि एका टोकाला झडपांचे दार. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली बरीच माणसे होती.  ती हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती; पाठीमागे टेकायची तिला सवय नव्हती.

"दुखेल का हो?"

"बधिर करतात म्हणे."

"एकदम दिसायला लागेल?"

"मघाशी तपासताना इथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलोय. सगळं नाही दिसलं तरी बरंचसं दिसेल."

"कडेपुरतं दिसलं म्हणजे झालं."

"अगं, महिनाभर भुकटीत जायचं नाही असं त्यांनी दिलेल्या कागदावरच लिहिलंय. तुझी जागा राहील. मी विचारून घेतलंय." त्याने तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. "तोवर मला शिकव."

झडपांच्या दारातून परिचारिका बाहेर आली. हातातल्या कागदावरून तिने एक नाव पुकारले. कोणी उठले नाही. तिने बाकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि तेच नाव पुन्हा, जरा मोठ्याने घेतले.

कडवाल्याच्या बायकोने शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडे पाहिले, मग पलीकडच्या मुलीकडे. कोणाला बोलावतायत आणि ती का उठत नाही, असा तिचा चेहरा होता. माहेरून आल्यापासून त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. घरात ती सून होती, आवारात वहिनी होती, नवऱ्यासाठी अगं होती.

"अगं, तूच," कडवाला हळूच म्हणाला. "तुलाच बोलावतायत."

ती गोंधळून उभी राहिली. "आहे," ती म्हणाली. हजेरी द्यावी तसे. परिचारिकेने कागदावर खूण केली आणि दार धरून ठेवले. तोही घाईने उठला.

"तुम्ही इथंच थांबा," परिचारिका त्याला म्हणाली. "आत फक्त पेशंट."

तिने चपला काढल्या, त्या बाकाखाली नीट एकाशेजारी एक ठेवल्या आणि अनवाणी आत गेली. झडपा दोनदा हलल्या आणि स्थिर झाल्या. कडवाला परत बसला. तिची पिशवी त्याच्या मांडीवर होती. बाकावरच्या माणसांनी थोडे थोडे सरकून ती उठलेली जागा भरायला सुरुवात केली, तेव्हा त्याने आपला तळहात तिथे पालथा ठेवला.

"इथं बसलंय कोणी," तो म्हणाला.